प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे हमीपत्र

प्रति,
मा. कुलपती,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे,
मलबार हिल, मुंबई

महोदय,


मी ३३ वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून एक जाड लिफाफा घरी यायचा. आत प्रश्नपत्रिका काढण्याचे नेमणूकपत्र, मानधनाचे बिल, गोपनीयतेच्या सूचना आणि एक हमीपत्र. माझा कोणीही जवळचा नातेवाईक या विषयाच्या परीक्षेला बसलेला नाही, असे त्यात लिहून सही करायची. एका वर्षी माझ्या बहिणीची मुलगी नेमकी त्याच विषयाच्या तृतीय वर्षाला होती. मी लिफाफा न फोडल्यासारखा परत पाठवला. परीक्षा विभागातल्या साहेबांचा फोन आला, "बरं सर, मग पुढच्या वर्षी." विषय संपला. भाचीला नंतर गुण बेताचेच पडले, आणि मामाने पेपर काढला असता तर बरे झाले असते, असे बहीण अजून अधूनमधून ऐकवते. पण नियम होता आणि तो पाळण्यात मोठेपणा आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही.

पुढे एक पंचवार्षिक मी विद्या परिषदेवर निवडून गेलो. अभ्यासक्रम, तुकड्या, मान्यता असे किती तरी विषय त्या टेबलावरून गेले. तिथे मात्र माझ्यापुढे असा कागद कोणी ठेवला नाही. मी कोणाच्या नोकरीत आहे, माझे कोणते पुस्तक कोणत्या अभ्यासक्रमाला लागले आहे, माझ्या घरातले कोण कोणत्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, हे मला कुणी विचारले नाही. शंभर गुणांच्या एका पेपरासाठी विद्यापीठ माझी सोयरीक तपासत होते. हजारो मुलांच्या आणि कोट्यवधी रुपयांच्या निर्णयांसाठी त्याला माझ्याबद्दल काहीच जाणून घ्यायचे नव्हते.

तेव्हा हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

एक प्रसंग सांगतो. गावाचे, संस्थेचे नाव सांगत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल आणि बाकीच्यांना आपापल्या जिल्ह्यातले एखादे नाव आठवेलच. स्थानिक चौकशी समितीचे सदस्य म्हणून आम्ही तिघे एका विनाअनुदानित महाविद्यालयात गेलो होतो. फाटकावर रांगोळी, आत शाल-श्रीफळ, मग वर्ग पाहणे. ग्रंथालयात पुस्तके होती, पण त्यांच्यावरचे शिक्के दुसऱ्याच महाविद्यालयाचे होते. दाखल नोंदवही मागितली तर ग्रंथपाल रजेवर असल्याचे कळले आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. दुपारी जेवण झाले. पुरणपोळी होती, हे कबूल करायला हवे. मग अहवाल लिहायला बसलो. 'ग्रंथालय अपुरे, पुस्तकांची मालकी संशयास्पद' असे मी लिहिले. समितीच्या अध्यक्षांनी ते वाचले, चष्मा काढला आणि अगदी मवाळ आवाजात विचारले, "सर, तुमच्या कॉलेजची कमिटी कधी आहे?"

एवढेच. यात धमकी नव्हती, दबाव नव्हता, पैशाचा तर प्रश्नच नव्हता. ज्या संस्थेत आम्ही बसलो होतो तिचे सचिव तेव्हा व्यवस्थापन परिषदेवर होते आणि माझ्या महाविद्यालयाच्या वाढीव तुकडीचा प्रस्ताव त्याच परिषदेपुढे जायचा होता. अध्यक्षांनी मला फक्त कॅलेंडर दाखवले. अहवालात शेवटी 'ग्रंथसंपदा वाढवण्यास वाव आहे' असे वाक्य गेले. ते माझ्याच हस्ताक्षरात आहे.

म्हणून हितसंबंधांविषयी लिहिताना मी बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही. पाकीट घेणारा माणूस ओळखू तरी येतो. इथे कोणी काही घेतच नाही. आज तुझी समिती माझ्याकडे, उद्या माझी तुझ्याकडे, आणि मधल्या मध्ये जे गिळायचे ते दोघांनी गिळायचे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी निगवेकर, काकोडकर आणि ताकवले अशा तीन समित्यांनी विद्यापीठांच्या प्रश्नांचा खल केला होता. नव्या कायद्याने पुष्कळ गोष्टी सुधारल्या. पण त्याची एक घडण पाहा. कोणत्या तालुक्यात कोणते महाविद्यालय हवे हे बृहत् आराखड्यात ठरते, आणि आराखडा विद्यापीठाच्या प्राधिकरणांच्या हातून जातो. नव्या महाविद्यालयाचा अर्ज अधिष्ठाता मंडळाकडून छाननी होऊन व्यवस्थापन परिषदेच्या मान्यतेने आणि शिफारशीसह शासनाकडे जातो, मग इरादापत्र, मग अंतिम परवानगी, मग संलग्नीकरण. या साखळीतल्या प्राधिकरणांवर संस्थाचालकांच्या जागा कायद्यानेच ठेवलेल्या आहेत. प्राचार्यांच्या आहेत, अध्यापकांच्या आहेत. आता प्राचार्य आणि अध्यापक हे नोकर कोणाचे? बहुतेक वेळा संस्थाचालकांचेच. एकाच टेबलाच्या एका बाजूला सचिव आणि दुसऱ्या बाजूला त्याच संस्थेचा प्राचार्य बसलेला मी पाहिला आहे. सचिवांनी हात वर केला की प्राचार्यांचा हात वर जायला किती वेळ लागतो, हे मोजायला घड्याळातला सेकंदकाटा पुरत नाही. कागदोपत्री ती दोन मते. गणपूर्तीत दोन माणसे.

गंमत म्हणजे प्राधिकरणाच्या सदस्यत्वासाठी अपात्रतेचे कलम कायद्यात आहे, आणि खाजगी शिकवणी वर्ग चालवणारा त्यात अपात्र ठरतो. योग्यच आहे, शिकवणीवाल्याचा परीक्षेत रस असतो. पण मग दहा-बारा महाविद्यालये चालवणाऱ्याचा संलग्नीकरणात रस नसतो का? शिकवणीवाल्याला दार बंद, संस्थाचालकाला मात्र स्वतंत्र मतदारसंघ.

इथे थोडे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझ्यावर कृतघ्नपणाचा ठपका येईल. संस्थाचालकांना विद्यापीठात जागा मिळाली ती उगाच नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटापाण्यासाठी पत्नीचे दागिने मोडले. पंजाबराव देशमुखांनी विदर्भात तेच काम अमरावतीहून केले. ज्यांनी स्वतःची जमीन आणि उमेद घालून शाळा-महाविद्यालये उभी केली, त्यांचे म्हणणे विद्यापीठाने ऐकावे हे न्यायाचेच होते. त्यांचे त्या कामात 'हित' होते ते झिजण्याचे. न्यायमूर्ती रानडे मुंबई विद्यापीठात देशी भाषांसाठी भांडले, तेव्हा त्यांचाही मराठीशी संबंध होताच की! संबंध असणे म्हणजे दोष नव्हे. ज्याचा शिक्षणाशी कसलाच संबंध नाही अशा माणसाला प्राधिकरणावर बसवून काय मिळणार?

पण १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि चित्र बदलले. त्या धोरणाने मराठी मुलांचे कर्नाटकात जाऊन देणग्या देणे कमी केले, हेही खरे. पण एक जागा म्हणजे एक शुल्क, एक तुकडी म्हणजे वर्षाची ठरावीक आवक, आणि शेजारच्या तालुक्यातले नवे महाविद्यालय म्हणजे आपली कमी झालेली आवक, असा हिशेब त्यानंतर सुरू झाला. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रुळला तो त्यानंतरच. खुर्ची मात्र तीच राहिली, भाऊरावांच्या काळातल्या विश्वासाने ठेवलेली.

बाकीच्या ठिकाणी आपला समाज याबाबत इतका भाबडा नाही. आपल्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम १४ घ्या. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भागी असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. गावातल्या गटारीच्या कामात सदस्याचा हिस्सा निघाला की विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे धाव घेतात आणि सदस्यत्व जाते. गोव्यातल्या एका पंचायत सदस्य महिलेचे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंत्राट तिच्या नवऱ्याचे होते. पण गोव्यात अजूनही लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार नवरा-बायकोची मिळकत सामाईक, म्हणजे नवऱ्याच्या कंत्राटात बायकोचा वाटा आलाच, असे २०१२ मध्ये न्यायालयाने धरले आणि तिचे सदस्यत्व गेले. कंपनीच्या संचालकाला कंपनी कायद्याच्या कलम १८४ नुसार दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत आपले हितसंबंध लिहून द्यावे लागतात. क्रिकेटमध्येही हेच घडले. मंडळाच्या पदाधिकाऱ्याने सामन्यांत व्यापारी हितसंबंध ठेवू नयेत, असा नियम होता. २००८ मध्ये आयपीएलला त्यातून वगळले गेले, आणि जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. गटार, कारखाना, क्रिकेट. प्रत्येकाला कुंपण आहे.

आणि विद्यापीठालाही ते कळत नाही असे नाही. कुलगुरूंच्या शोध समितीचा सदस्य त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणत्याही प्रकारे संबंधित नसावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात. म्हणजे कुलगुरू निवडायला दोन-चार दिवस बसणारा माणूस संबंध नसलेला हवा. त्या कुलगुरूंबरोबर पाच वर्षे कारभार करणाऱ्याची मात्र संबंध हीच पात्रता.

आता आपल्यापर्यंत जे उत्तर येईल ते मला ठाऊक आहे. "आमच्या संस्थेचा विषय आला की आम्ही सभागृहाबाहेर जातो." बरेच सदस्य खरोखरच जातात, आणि ते प्रामाणिकपणेच जातात. मीही विद्या परिषदेत एकदा गेलो होतो. बाहेरच्या व्हरांड्यात चहा घेतला, शिपायाने दार उघडून "सर, झालं" म्हटले, आणि आत येऊन बसलो. बाहेर जाताना ज्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली होती त्यांचे विषय पुढच्या पानावर होते. मी काय केले असेल?

या बाहेर जाण्याची किंमत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच सांगून ठेवली आहे. क्रैपक यांचे प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर होते आणि स्वतः उमेदवारही होते. त्यांचे नाव निघाले तेव्हा ते चर्चेत बसले नाहीत. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा बसले, आणि गुणानुक्रमे यादी लावतानाही होते. मंडळाच्या इतर सदस्यांनी, आमच्यावर त्यांचा काही प्रभाव पडला नाही, अशी प्रतिज्ञापत्रे दिली. न्यायालयाने ती मानली नाहीत. चार माणसे मिळून विचार करतात तेव्हा एकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम दिसत नाही, सिद्धही करता येत नाही. पक्षपात झाला का, हा प्रश्नच नव्हे, होण्याची वाजवी शक्यता होती का, एवढेच पाहायचे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले आणि निवड रद्द झाली.

हे प्रकरण आपल्या व्यवस्थापन परिषदेला लावून पाहा. सदस्य अ आपल्या महाविद्यालयाच्या वेळी बाहेर जातो. पण त्याच तालुक्यातल्या, त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या संस्थेचा अर्ज आला की आत असतो. त्या वेळी तो प्रतिस्पर्धी असतो. 'या भागात गरज दिसत नाही' हे वाक्य तिथे किती सहज उच्चारता येते! शिवाय 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' नावाची एक सोय आहेच. विषयपत्रिकेत नसलेल्या विषयातला आपला संबंध कोणी कधी उघड करायचा? आणि इतिवृत्तात काय उमटते? 'चर्चेअंती सर्वानुमते मान्य करण्यात आले.' कोण बाहेर होते, कोण आत, कोणी का म्हणून मत दिले नाही, याचा मागमूस नाही. बाहेर जाणाऱ्या प्रामाणिक सदस्याच्या हाती उद्या आरोप झाला तर दाखवायला एक ओळसुद्धा नसते.

दुसरे उत्तर असे येईल की जाणकार माणसे मोजकीच, त्यांना वगळले तर निर्णय घेणार कोण? १९८४ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात हाच बचाव झाला होता. शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या उपसमितीवर ज्यांची पुस्तके विचाराधीन होती असे लेखकच बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपरिहार्यता तिथेच चालते जिथे त्या माणसावाचून काम होणेच शक्य नाही. पुस्तके निवडायला दुसरी माणसे मिळतात. अभ्यास मंडळांवर बसून आपलेच पुस्तक 'संदर्भग्रंथ' म्हणून लावणाऱ्या माझ्या काही विद्वान मित्रांनी हा निकाल चौकटीत लावून ठेवावा असा आहे. आणि संलग्नीकरणाच्या छाननीला माणसे कुठून आणायची म्हणाल, तर राज्यात याच कायद्याखालची इतकी विद्यापीठे आहेत. कोल्हापूरच्या अर्जांची छाननी अमरावतीच्या प्राध्यापकांनी करावी, जळगावची सोलापूरच्यांनी. त्यांची समिती 'उद्या' आपल्याकडे येणार नसते. फार तर प्रवासभत्ता वाढेल.

मग आपण काय करावे? परिनियम आपल्या संमतीशिवाय अमलात येत नाहीत. तेव्हा प्रत्येक विद्यापीठाला हितसंबंधांचा एक परिनियम करायला आपण सांगू शकता. त्यात पहिली गोष्ट नोंदवहीची असावी: अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, क्रय समिती आणि बांधकाम समिती यांवरच्या प्रत्येकाने, आपण आणि आपले कुटुंबीय कोणत्या शिक्षणसंस्थेत, न्यासात, कंपनीत, प्रकाशनात आहोत आणि आपण कोणाच्या पगारावर आहोत, हे पद स्वीकारताना आणि मग दरवर्षी लिहून द्यावे. ती नोंदवही संकेतस्थळावर लागावी. कपाटात ठेवलेल्या नोंदवहीची किल्ली कोणाच्या खिशात असते ते मी वर सांगितलेच आहे. ज्या सदस्याची संस्था एखाद्या तालुक्यात किंवा विद्याशाखेत आहे, त्याने त्या तालुक्यातल्या, त्या विद्याशाखेतल्या कोणाच्याच अर्जावर बसू नये. फक्त स्वतःच्या नव्हे. सचिव वगळला गेला की त्याच्या संस्थेतले प्राचार्य आणि अध्यापकही त्या विषयापुरते वगळले जावेत. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. उलट त्यांची मान मालकाच्या समोर वाकण्यापासून वाचावी म्हणून. संलग्नीकरण, खरेदी आणि बांधकाम हे विषय ऐनवेळी घेऊच नयेत. आणि इतिवृत्तात, कोण किती वाजता का उठून गेले, हे नावानिशी यावे.

यातली एक गोष्ट परिनियमाची वाट न पाहताही होऊ शकते. अधिसभेवर आणि व्यवस्थापन परिषदेवर काही सदस्य आपण स्वतः नामनिर्देशित करता. त्यांच्या नावावर सही करण्यापूर्वी आपल्या कार्यालयाने त्यांच्याकडून हे विवरण मागवले आणि जाहीर केले, तर निवडून आलेल्यांना 'आम्हीच का' असे विचारायला तोंड राहणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये निकालांचा गोंधळ झाल्यावर तेव्हाच्या कुलपतींनी मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना पदावरून दूर केले होते. कुलपतींचे अधिकार शोभेचे नाहीत, हे तेव्हा दिसले. मी जे मागतो आहे त्याला तर कोणाला घरी पाठवावे लागत नाही.

काही संस्थाचालक रागावतील. त्यांच्यातले चांगले लोक कमी रागावतील असा माझा अंदाज आहे, कारण आज त्यांनाही इतरांबरोबर एकाच तागडीत तोलले जाते. माझ्या ओळखीचे एक सचिव आहेत. व्यवस्थापन परिषदेवर असेपर्यंत त्यांनी आपल्या संस्थेचा एकही नवा प्रस्ताव पाठवला नाही. पाच वर्षे त्यांच्या तालुक्यातले लोक त्यांना वेड्यात काढत होते. असा माणूस स्वतःच्या मनाच्या नियमाने वागतो. त्याच्या मागे विद्यापीठाचा नियम उभा असता तर त्याला वेड्यात काढले गेले नसते.

सोबत परीक्षा विभागाच्या त्या जुन्या हमीपत्राची कोरी प्रत जोडत आहे. घरातल्या फायलींमध्ये सापडली, कागद पिवळा पडला आहे. नमुना तयारच आहे. 'परीक्षा' या शब्दावर काट मारून वर 'विषयपत्रिका' लिहावे लागेल आणि 'नातेवाईक' या शब्दापुढे 'संस्था' हा शब्द घालावा लागेल. कुलसचिवांच्या शिक्क्याची जागा खाली डावीकडे आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक